खाडीकाठच्या गच्चीवर दसऱ्याचा झेंडू

२०२४ च्या दसऱ्याला आमच्या दाराच्या तोरणात घरच्या झाडांची फुले अवघी अकरा होती. बाकीची नेरूळ स्टेशनबाहेरून विकत आणावी लागली. जुलैपासून चाळीस पिशव्यांमध्ये जोपासलेली झाडे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कळ्यांनी लगडलेली होती आणि तरीही ऐन वेळी हाती आली ती बहुतेक फुले मधोमध कुजलेली होती. ते का झाले आणि पुढच्या वर्षी मी काय बदलले, हे सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, कारण ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीकाठच्या हवेत पावसाळ्यात फुलझाडे लावणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण केव्हातरी येतेच.

आमचे घर नेरूळजवळच्या करावे या गावाच्या गावठाणात आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची; त्यानंतर इथली भातशेती आणि मिठागरे हळूहळू गेली. आमच्या कुटुंबाचे जे होते तेही गेले आणि आता लावायला जागा उरली ती घरावरच्या गच्चीची. सासूबाईंच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे भाताच्या बांधावर झेंडूची झाडे असत आणि दसऱ्याला गाडी, विळे, कोयते, उखळ-मुसळ यांना घरचीच फुले वाहिली जात. त्यांनी ते इतक्या वेळा सांगितले होते की निदान उंबऱ्यापुरती तरी फुले घरची असावीत, ही इच्छा माझ्याही मनात घट्ट बसली.

पहिल्या वर्षी मी दोन वाटा एकाच वेळी चोखाळल्या. वीस पिशव्या उघड्या गच्चीवर ठेवल्या आणि वीस पिशव्यांसाठी प्लास्टिकचे तयार घर विकत घेतले: आठ फूट लांब, सहा फूट रुंद, चहूबाजूंनी बंद आणि पुढे चेन असलेला दरवाजा. पाऊस आत आला नाही की रोगही येत नाही, असे विक्रेत्याने सांगितले आणि ते मला तेव्हा पटले. आपल्याकडे ज्याला आफ्रिकन झेंडू किंवा मोठा गोंडा म्हणतात, त्या टॅजेटिस इरेक्टाची संकरित जात मी निवडली होती. नावात आफ्रिका असली तरी ही वनस्पती मूळची मेक्सिकोची आहे. आपल्या हवेत ती उत्तम वाढते, पण आपल्याकडचा परतीचा पाऊस आणि तिचा बहर एकाच पंधरवड्यात येतात, ही खरी पंचाईत आहे.

२५ सप्टेंबर २०२४ ला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत जो मुसळधार पाऊस झाला, त्यानंतर दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. त्या पावसाने उघड्यावरची झाडे अक्षरशः झोपवली. उमललेली फुले पाण्याच्या भाराने वाकली, दोन फांद्या सांध्यापाशी चिरल्या. मी आधाराला बांबूच्या काठ्या लावल्या, भिजलेली फुले खुडून टाकली, आणि आश्चर्य म्हणजे आठ-दहा दिवसांत त्याच झाडांवर नव्या कळ्या धडपणे उमलू लागल्या. तोरणातली अकरा फुले याच झाडांची होती. प्लास्टिकच्या घरातल्या झाडांवर मात्र पावसाचा एक थेंब पडला नव्हता आणि तिथले एकही फूल वाहण्याजोगे राहिले नाही.

आतल्या झाडांवर जे घडत गेले ते मी रोज पाहत होते, पण त्याचा अर्थ मला उशिरा लागला. आधी खालच्या पानांवर गोल तपकिरी ठिपके आले, त्यांच्याभोवती जांभळट कडा होती. मग फुलाच्या मागच्या हिरव्या पेल्यावर तसाच डाग दिसला आणि दोन दिवसांत त्या फुलाच्या खालच्या पाकळ्या चिकट, चहाच्या चोथ्यासारख्या झाल्या. एक फूल मी उभे चिरून पाहिले. बाहेरून ते पूर्ण केशरी होते आणि आत ओल साठून गाभा काळा पडला होता. झेंडूचे एक फूल म्हणजे वस्तुतः शेकडो छोट्या फुलांचा दाट गुच्छ असतो. आपण जिला पाकळी म्हणतो ते प्रत्येकी एक स्वतंत्र फूल असते. या दाटीमुळेच गोंडा भरदार दिसतो आणि याच दाटीमुळे एकदा आत शिरलेले पाणी बाहेर पडायला मार्ग राहत नाही. हा करपा आणि फूलकुज आणणाऱ्या अल्टरनेरिया बुरशीच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पानावर किंवा पाकळीवर काही तास सलग ओल लागते. ती ओल पावसाची असो की दवाची, त्यांना फरक पडत नाही.

मला ते कळले ते स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीमुळे. एके दिवशी सासूबाई खड्याच्या मिठाची बरणी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "पोरी, घरात बंद बरणीतलं मीठ जून लागला की पाणी सोडतं. तुझ्या त्या पिशवीत झाडं बंद केलीस, ती कोरडी कशी राहतील?" ज्यांचे बालपण मिठागरांवर गेले त्यांना हवेतली ओल मोजायला यंत्र लागत नाही. मीठ आणि ओलाव्याचे नाते मी नंतर नीट समजून घेतले. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के प्रत्यक्षात आहे ते) साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. खड्याच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते त्याहीआधी ओलावते. म्हणजे जूनपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आमच्या घरातली हवा बहुतेक वेळ त्या पातळीच्या वरच असते.

मग मी तापमान आणि आर्द्रता दाखवणारे एक छोटे डिजिटल मापक घेतले. अशी स्वस्त मापके बरीच चुकतात, म्हणून ते पुन्हा मिठानेच तपासले. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थोडेसे पाणी घालून ओल्या वाळूसारखा लगदा केला, तो आणि मापक झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात एक दिवस ठेवले. आत ७५ टक्के दिसायला हवे होते, माझ्या मापकाने ८१ दाखवले. तेव्हापासून मी प्रत्येक नोंदीतून सहा वजा करते.

त्या नोंदींनी माझे डोळे उघडले. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, तर २५ अंशांच्या हवेत सुमारे २३ ग्रॅम. दुपारी ३० अंशाला ७६ टक्के आर्द्रता असलेली हवा रात्री २५ अंशांपर्यंत उतरली की आणखी थेंबभरही पाणी न मिसळता पूर्ण संपृक्त होते आणि त्यापुढे प्रत्येक गार पृष्ठभागावर दव धरू लागते. त्यात बंद घरातली वीस झाडे दिवसभर पानांतून बाष्प सोडत होती, ओल्या पिशव्यांतली माती सोडत होती, आणि ते जायला कुठेच वाट नव्हती. संध्याकाळी सात वाजताच आतल्या प्लास्टिकवर थेंब जमत, पहाटे ते फुलांवर टपटपत, आणि सकाळी दहापर्यंत मापक शंभराच्या खाली येत नसे. ऊन पडले की तेच घर ४१ अंशांपर्यंत तापत असे. उघड्या गच्चीवरची झाडे पावसात भिजत होती हे खरे, पण खाडीवरून येणारा वारा त्यांना तासा-दीड तासात सुकवतही होता. पाऊस अडवणे आणि ओल घालवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि मी पैसे खर्च करून फक्त पहिले केले होते, तेही दुसऱ्याच्या वाटेत भिंत उभी करून.

२०२५ साठी आम्ही नवा मांडव उभारला. यजमानांनी गावातल्या फॅब्रिकेटरकडून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा सांगाडा करून घेतला: वीस फूट लांब, दहा फूट रुंद, कडेला सात फूट आणि मध्ये साडेदहा फूट उंच. छपरावर २०० मायक्रॉनची, अतिनील किरणांना टिकणारी पारदर्शक शीट घातली. उतार मुद्दाम तीव्र ठेवला, कारण उतार कमी असला की आतल्या बाजूला जमलेले थेंब कडेपर्यंत घरंगळत न जाता मध्येच गळतात. माथ्यावर लांबीभर एक फुटाची फट सोडली आणि तिच्यावर थोड्या उंचीवर वेगळी टोपी बसवली, म्हणजे गरम, बाष्पाने भरलेली हवा वर जाईल आणि पाऊस आत येणार नाही. चारही बाजू मोकळ्या ठेवल्या. नैर्ऋत्येकडून तिरका पाऊस येतो, म्हणून फक्त त्या बाजूला गुंडाळता येणारा पडदा लावला. जोराची सर आली की तो सोडायचा आणि सर थांबताच गुंडाळायचा, हे काम घरात जो असेल त्याने करायचे असे ठरले. त्या हंगामात माझ्या बारा वर्षांच्या मुलीने ते माझ्याहून अधिक निष्ठेने केले.

कीटकांसाठी बारीक जाळी लावावी असा सल्ला अनेकांनी दिला. मी तो मानला नाही. बारीक जाळी वाऱ्याचा बराचसा जोर खाते आणि माझी सर्वांत मोठी गरज वाराच होती. फुलकिड्यांसाठी निळे आणि पिवळे चिकट सापळे टांगले, तेवढ्याने भागले. हिरवी शेडनेटही लावली नाही. पावसाळ्यात मुळात उजेड कमी असतो आणि शेडनेटखाली झाडे उंच, बारीक, लुसलुशीत होतात. अशी झाडे रोगाला आधी बळी पडतात.

दसरा २ ऑक्टोबरला असल्याने सगळे दिवस उलटे मोजावे लागले. पुसा नारंगीसारख्या जातीला फुलायला साधारण १२३ ते १३६ दिवस लागतात, म्हणून ती मला उपयोगाची नव्हती. मी लवकर येणारी संकरित जात घेतली आणि ८ जुलैला पेरणी केली. मोठ्या गोंड्याबरोबर या वेळी बुटक्या फ्रेंच झेंडूचेही बी घेतले. त्याची फुले लहान आणि विरळ पाकळ्यांची असतात, त्यामुळे ती लवकर सुकतात, हे मी आदल्या वर्षी शेजाऱ्यांच्या कुंडीत पाहिले होते. बी ट्रेमध्ये पेरले, पाचव्या दिवशी उगवले. रोपे लहान असताना कोलमडण्याचा रोग हमखास येतो, म्हणून कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगकारक बुरशींना रोखणारी उपकारक बुरशी, मिसळली होती आणि ट्रे जमिनीवर न ठेवता जाळीच्या मांडणीवर ठेवला होता. तरीही एका कोपऱ्यातली नऊ रोपे गेली. त्या कोपऱ्यावर पत्र्याच्या पन्हाळीतून पाणी उडत असे.

१ ऑगस्टला रोपे पिशव्यांत लावली. एकूण अठ्ठेचाळीस: छत्तीस गोंड्याची, बारा फ्रेंच. मातीत आदल्या वर्षीपेक्षा शेणखत निम्मे घातले आणि मासळीचे खत पूर्ण बंद केले. दिवाळे गावच्या बाजारातून आणलेल्या मासळीच्या टाकाऊ भागांचे खत मी घरीच करते आणि भाजीला ते उत्तम लागू पडते, पण झेंडूला नत्र जास्त झाले की पाला माजतो, फुले लांबतात आणि देठ मऊ राहतात. माती निचऱ्याची व्हावी म्हणून लाल माती, जाड रेती आणि कोकोपीट समप्रमाणात घेतले. गच्चीवर वजनाचाही विचार करावा लागतो, म्हणून भिजलेल्या पिशव्यांच्या ओळी खालच्या तुळयांच्या रेषेत मांडल्या. दोन पिशव्यांमध्ये वीस इंच आणि दोन ओळींमध्ये अडीच फूट अंतर ठेवले. पाहणाऱ्यांना ते उधळेपणाचे वाटे. आदल्या वर्षी बंद घरात वीस झाडे खांद्याला खांदा लावून उभी होती आणि एका झाडाचा डाग तिसऱ्या दिवशी शेजारच्या पानावर दिसत असे.

२० ऑगस्टला सर्व झाडांचे शेंडे खुडले. शेंडा खुडताना हात थरथरतो, कारण पहिली कळी बहुधा तिथेच दिसू लागलेली असते. पण त्यानंतरच बाजूच्या फांद्या फुटतात आणि झाड पसरट होते. मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जमिनीपासून सहा इंचांपर्यंतची पाने काढून टाकली, म्हणजे मातीवरून उडणारे शिंतोडे पानांना लागणार नाहीत आणि झाडाच्या बुडातून वारा खेळेल.

एक विचित्र गोष्ट याच काळात लक्षात आली. रस्त्याकडच्या ओळीतल्या झाडांवर इतर ओळींच्या मानाने कळ्याच दिसेनात. खत, पाणी, जात सगळे सारखे होते. रात्री गच्चीवर गेले तेव्हा उलगडले: पालिकेचा नवा एलईडी दिवा बरोबर त्या ओळीवर प्रकाश टाकत होता. मोठा गोंडा दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की लवकर फुलतो. दिव्याखालच्या झाडांना रात्र झालीच नव्हती. ५ सप्टेंबरपासून त्या बाजूला रोज सायंकाळी जुनी काळी चादर टांगू लागले आणि सकाळी काढू लागले. तरी ती ओळ आठ-नऊ दिवस मागेच राहिली आणि तिची फुले दसऱ्यानंतर आली.

पाणी देण्याची पद्धत पूर्ण बदलली. बाहेर पाऊस कोसळत असताना आत झारीने पाणी घालताना शेजारच्या काकू थांबून पाहत, पण छपराखालच्या पिशव्या खरोखरच कोरड्या पडतात. पाणी फक्त सकाळी, फक्त बुंध्याशी, आणि बोट दोन पेरे खुपसून माती कोरडी लागली तरच. सायंकाळी पाणी घातले तर रात्रभर तेच पाणी हवेत जाते. सप्टेंबरमध्ये वारा पडलेल्या रात्री एक उभा पंखा लावला, तोही झाडांवर सरळ न सोडता ओळींच्या मधून वाहील असा. त्याची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून आरसीसीबीसह (वीजगळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचसह) करून घेतली, कारण ओल्या गच्चीवर विजेशी धाडस करू नये. मापक आता पहाटे ९५-९६ दाखवत असे, पण सकाळी आठलाच ८५ आणि नऊपर्यंत ८० च्या आसपास येत असे. पहाटेची ओल टाळता येत नाही. ती किती तास टिकते, एवढेच आपल्या हातात आहे.

बुरशीनाशकाबद्दल मला विचारतात म्हणून सांगते: मी एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना दहा लिटर पाण्यात, पहिली कळी दिसण्यापूर्वी दोनदाच फवारले. कळ्या आल्यावर काहीही फवारले नाही. त्याऐवजी रोज सकाळी एक फेरी मारायची, डाग दिसलेले पान किंवा फूल कात्रीने कापून पिशवीत टाकायचे आणि ती पिशवी कचऱ्यात द्यायची, घरच्या खतात नाही, कारण बुरशी वाळलेल्या अवशेषांवर तग धरते. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायची. हे काम कंटाळवाणे आहे आणि तेच सर्वांत उपयोगी ठरले, असे माझे ठाम मत झाले आहे.

२०२५ चा पाऊस लवकर आला आणि लांबला. मुंबईत मान्सून २६ मे रोजीच दाखल झाला होता, आणि घटस्थापनेनंतर, २७-२८ सप्टेंबरला पुन्हा मुसळधार पाऊस झाला. तेव्हा आमच्या मांडवात बावीस झाडे पूर्ण बहरात होती. २७ च्या रात्री दोन वाजता पडदा सोडायला मी आणि यजमान वर गेलो, तेव्हा वाऱ्याने शीट फडफडत होती आणि माथ्यावरच्या टोपीचा एक नट सैल झाला होता. तो आवळेपर्यंत दोघेही चिंब झालो. पहाटे सर ओसरल्यावर पडदा गुंडाळला, पंखा लावला, आणि कडेच्या ज्या फुलांवर शिंतोडे गेले होते ती एकेक करून देठाला धरून हलकेच उलटी झटकली. त्या दोन दिवसांत सतरा फुले गेली. सगळी नैर्ऋत्येच्या कडेची होती.

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरला तोडणी केली. फुले पूर्ण उमललेली आणि कोरडी असतानाच तोडायची, म्हणून सकाळी नऊपर्यंत थांबलो. तोडलेली फुले प्लास्टिकच्या पिशवीत भरली की ती आपल्याच उष्णतेने घामेजतात आणि रात्रीत काळी पडतात, हे लक्षात ठेवून सगळी फुले आतल्या खोलीत जुन्या साडीवर एका थरात पसरली आणि वर पंखा सुरू ठेवला. वजन केले तर साडेआठ किलो भरले, फ्रेंच झेंडू धरून. सासूबाईंनी त्यातली सर्वांत मोठी फुले बाजूला काढून विळ्या-कोयत्यांसाठी ठेवली. ती अवजारे आता वर्षभर माळ्यावर असतात, पण दसऱ्याला ती खाली येतात आणि पुसून मांडली जातात. आंब्याच्या पानांत गुंफलेले तोरण या वेळी त्यांनी स्वतः ओवले.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ असल्याने दसरा २० ऑक्टोबरला येतो. तेव्हा पाऊस बहुधा सरलेला असेल, पण ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात छपराखाली लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, येण्याची भीती आहे. आर्द्रता खाली गेली की ते झपाट्याने वाढतात. म्हणून बहर धरताच शीट काढून ठेवता येईल अशी क्लिपांची सोय यजमान करून घेणार आहेत. पेरणीची तारीख मी मोजून ठेवली आहे: २६ जुलै. रस्त्याकडच्या ओळीच्या जागी या वेळी मिरच्या लावणार आहे.